फक्त ब्रह्मदेशात चलनी

रंगून,
२ मे १९३७

प्रिय ॲलिसबाय,

तुझं पत्र पोचलं. ‘ब्रह्मदेश वेगळा झाला, म्हणजे माझा भाऊ आता परक्या मुलखात गेला’ असं लिहून तू रडलीस, असं कागदावरच्या डागांवरून दिसतं. बाय, मी होतो तिथेच आहे. एक एप्रिलपासून इथलं सरकार हिंदुस्थानच्या सरकारापासून निराळं झालं, एवढंच. रुपया दोन्हीकडे एकच राहणार आहे. नोटा काढणारी बँकही एकच. मी नोटा तपासण्याच्याच खात्यात आहे, तेव्हा हे माझ्याकडून ऐक. फरक म्हणशील तर इथल्या नोटांवर आता एक ओळ जादा छापतात : ‘फक्त ब्रह्मदेशात चलनी’. राजाचं तोंड तेच, किंमत तीच. मनीऑर्डर पूर्वीसारखी येत राहील.

रुपया एक असला तरी माणसं एक नसतात, हे मात्र मला माझ्याच घरात रोज दिसतं. आपल्याकडे पैसा आला की आधी होडी, मग जाळं, उरलं तर सणाला नवं लुगडं. मा टिनची रीत उलटी. बाजारात तिचं लुंग्यांचं दुकान आहे, कमाई तिची स्वतःची. भाताचा हंगाम संपला की ती अख्ख्या आळीला जेवू घालते, पगोड्याला सोन्याचा वर्ख देते. मी म्हटलं, ‘उद्याचं काय?’ तर म्हणाली, ‘दिलेलं बुडत नाही, निकोलस. ठेवलेलं बुडतं.’ ठेवायचंच झालं तर ती सोन्याच्या बांगड्या करते. कागदावर तिचा काडीचा विश्वास नाही. नोटा तपासणाऱ्याची बायको!

सिसिल सव्वा वर्षाची झाली. आपल्या आईचं नाक घेऊन आली आहे.

तुझा,
निकू


उत्तन,
१९ जून १९३७

प्रिय निकू,

मनीऑर्डर मिळाली. भाटी बंदरावर आपल्या होडीचा कणा टाकला. फादरनी येऊन पाणी शिंपडलं. लाकूड सागाचं घेतलं. मुंबईचा वखारवाला म्हणाला, हे रंगूनचं हाय. तुझे भावोजी हसले, म्हणाले, ‘निकूनं पैसेबी धाडले नि लाकूडबी.’

मा टिनचं वाचून मला काळजी वाटली. तिला सांग, जेवू घातलेला माणूस दुसऱ्या दिवशी परत भुकेला असतो. होडी वीस वर्षं पोसते. आपल्या आईनं कानातलं विकलं, हंडे विकले, पण होडीला कधी हात लावू दिला न्हाय. भाईंदरचे मिठागरवाले आगरीबी तसेच, पोटाला चिमटा घेतील, पण खाजणाचा तुकडा सोडणार न्हाईत. तू सात समुद्रापार गेलास म्हणून आपली रीत सोडू नको. पैसे तिच्या हातात देऊ नको. बँकेत ठेव, न्हायतर मला धाड.

सिसिलचा फोटो काढून पाठव. सगळी विचारतात, भाची काळी हाय का गोरी.

तुझी बाय,
ॲलिस


रंगून,
२८ ऑगस्ट १९३८

प्रिय बाय,

पेपरात आलं असेल. महिनाभर इथे दंगल होती. हिंदुस्थानी दिसला की मार. आमच्या खात्यातला एक तेलुगू शिपाई कामावरून परतताना गेला. मी नऊ दिवस मा टिनच्या भावाच्या घरी भाताच्या कोठीत होतो. सिसिल दाराशी येऊन ‘एइन प्यान मे’, घरी जायचं, म्हणून रडायची. त्यानंच मला लपवलं, दारात दा, म्हणजे इथला लांब कोयता, घेऊन तोच बसायचा. पण जेवताना मला जे बोलला ते मी विसरणार नाही.

‘तुमचा आमचा रुपया एक,’ तो म्हणाला, ‘पण तो चालतो एकाच दिशेनं. चेट्टी आमच्या शेतावर कर्ज देतो, शेत घेतो, रुपया मद्रासला जातो. मजूर आमचं भात वाहतो, रुपया तेलंगणात जातो. तू माझ्या बहिणीचा नवरा, तुझा रुपया कुठे जातो?’

तो उत्तनला जातो, बाय. सात तारखेला, न चुकता.

नंतर मा टिन म्हणाली, ‘तो रागावलाय, पण खोटं बोलला नाही.’ तिनं दुकानातला माल विकून आणखी दोन बांगड्या केल्या. मी तिला हसलो. म्हटलं, सोनं लुटलं जातं, बँकेतली नोंद कोण लुटणार? ती म्हणाली, ‘तुमच्या देशाला वाटलं तर एका दिवसात तुमचा कागद आमचा नाही म्हणेल.’ आता तिला कोण समजावणार की दोन्ही देशांच्या नोटांमागे एकच तिजोरी आहे!

या महिन्यापासून मी निम्मेच पैसे पाठवणार आहे. गैरसमज करून घेऊ नकोस.

निकू


उत्तन,
३० सप्टेंबर १९३८

निकू,

जिवानिशी वाचलास, देवाचे उपकार. देवळात मिस्सा सांगितली.

निम्म्या पैशाचं कळलं. होडी पाण्यात गेली, पण शीड जुन्याच कापडाचं लावलं. त्याचं काय न्हाय. पण ज्यांनी तुला मारायला घेतलं त्यांच्याच शब्दावरून तू सख्ख्या बहिणीचा हात आखडलास, ह्याचं वाईट वाटलं. मी तुझा पैसा उडवला असता तर गोष्ट येगळी व्हती. तो बंदरावर उभा हाय, येऊन बघ.

तू परत ये. पोरीला घेऊन ये. मा टिनला यायचं असंल तर तिलाबी आण.

ॲलिस


रंगून,
२२ जानेवारी १९४२

प्रिय बाय,

तीन वर्षं आपण नाताळाच्या चिठ्ठ्यांपलीकडे काही लिहिलं नाही. आता सगळं थोडक्यात लिहितो, बोट परवा सुटते.

नाताळाच्या आधी दोन दिवस जपानी विमानं आली. आमच्या रस्त्याचं एक टोक उरलं नाही. गोऱ्या साहेबांची बायकामुलं केव्हाच गेली. मा टिनची आई अंथरुणाला खिळली आहे, आणि मा टिन तिला सोडून यायला तयार नाही. मी मा टिनला सोडून येणार नाही. पण सिसिल सहा वर्षांची आहे. वसईचं एक कुटुंब निघालंय, ते तिला भाईंदर स्टेशनापर्यंत आणून पोचवतील.

काल रात्रभर आम्ही भांडलो. मा टिन म्हणाली, बांगड्या पोरीबरोबर देऊ. मी ऐकलं नाही. सहा वर्षांच्या पोरीच्या अंगावर सोनं म्हणजे तिच्या जिवाला धोका. मी बँकेतून सगळं काढलं, तीन हजार रुपये, आणि नोटा तिच्या फ्रॉकच्या अस्तरात शिवायला लावल्या. मा टिननं शिवल्या, पण माझ्याशी बोलली नाही. नोटा इथल्या आहेत, पण घाबरू नकोस. बँक तीच आहे, मुंबईत बदलून मिळतील. हे सगळं सिसिलसाठी. हात आखडू नकोस.

तिला मराठी समजतं, मी घरी बोलत होतो. भात मऊ लागतो. अंधाराला भीत नाही, एकटेपणाला भिते.

तुझा,
निकोलस


उत्तन,
२ मार्च १९४२

(हे पत्र ‘टपाल बंद’ असा शिक्का घेऊन उत्तनला परत आलं.)

प्रिय निकू,

पोर सुखरूप पोचली. तेरा फेब्रुवारीला भाईंदर स्टेशनावर उतरली. माझ्याकडं बघून म्हणाली, ‘तू ॲलिसबाय. तुझ्या गालावर तीळ आहे, पप्पांनी सांगितलं होतं.’ मी तिथं फलाटावरच तिला कडेवर घेतलं.

आता मोर्वा, राई या गावांपर्यंत सगळ्यांना ठाऊक झालंय की उत्तनात बर्माची पोर आलीय. बंदरावर बोंबील वाळत घालतात तिथं दिवसभर असते. वाळलेला बोंबील पोरांच्या पाठीवरून सदऱ्यात टाकते नि पळते. मला ‘आत्या’ म्हणाय शिकली.

नोटा नीट हायेत. पण निकू, भाईंदरच्या वाण्यानं दहाची नोट हातात घेतली, उजेडाकडं धरली नि परत दिली. ‘बाई, ये तो उधर का पैसा है,’ म्हणाला. मी म्हटलं, राजा तोच हाय. तो म्हणाला, ‘राजा वही है, मगर नीचे पढो.’ तुझे भावोजी आता मुंबईला जाऊन येतील. मोठ्या कचेरीत बदलून देतात म्हणे.

तुमचं काय चाललंय ते कळव. रंगूनच्या बातम्या चांगल्या न्हाईत.

ॲलिस


रंगून,
११ सप्टेंबर १९४५

प्रिय बाय,

आम्ही दोघं जिवंत आहोत. हे पहिलं वाक्य लिहायला साडेतीन वर्षं वाट पाहिली.

मा टिनची आई त्याच वर्षी गेली. पाठोपाठ तिचा भाऊही. जपान्यांनी आपले रुपये छापले, त्यांना नाव रुपयाच दिलं, पण त्यावर नोटेचा क्रमांकसुद्धा नव्हता. पहिल्या वर्षी त्यांनी तांदूळ मिळाला, मग मिळेना. आम्ही मा टिनच्या बांगड्यांवर जगलो. एक बांगडी, तीन महिने. एक बांगडी, दोन महिने. शेवटची विकली तेव्हा पोतंभर जपानी नोटा मिळाल्या. गेल्या मे महिन्यात इंग्रज परत आले आणि त्या नोटा रस्त्यावर पालापाचोळ्यासारख्या उडत होत्या. कोणी वाकूनसुद्धा उचलत नव्हतं.

मी आठ वर्षं तिला हसलो, बाय. तिनं एका शब्दानं मला परत ऐकवलं नाही.

आता एकच विचारायचं. सिसिल कशी आहे? नववं सरलं असेल. मा टिन रोज तिचं वय मोजते. लगेच लिही.

निकू


उत्तन,
१४ ऑक्टोबर १९४५

प्रिय निकू,

तुझं अक्षर पाहून मी देवळात धावत गेले. तुम्ही दोघं वाचलात. मा टिनच्या आईचं नि भावाचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. ज्यानं तुला कोठीत लपवलं तो गेला.

इथं बरं हाय. महागाई फार. लढाईत तांदूळ कुपनावर मिळायचा, अजून तसाच मिळतो. तुझे भावोजी गुडघ्यानं थकलेत, पण दर्यावर जातात.

सिसिलचं विचारलंस. ती आमच्यापाशीच हाय. देवळाजवळ हाय. तिथं तिला कसली तोशीस न्हाय. मी रोज संध्याकाळी जाऊन येते.

दोघं तब्येतीला जपा.

ॲलिस


रंगून,
९ डिसेंबर १९४५

प्रिय बाय,

तुझं पत्र मी मा टिनला चार वेळा वाचून दाखवलं. देवळाजवळ म्हणजे तू तिला सिस्टरांच्या शाळेत ठेवलंस, मी लगेच ओळखलं. आपल्या घरात मुलीला चौथीपुढे कोणी शिकवलं होतं? माझा पैसा सार्थकी लागला. रोज भेटायला जातेस, त्याचे उपकार कसे फेडू?

पण पोरीनं स्वतः दोन ओळी का नाही लिहिल्या? रागावली आहे का आमच्यावर? असेल तर तिचं बरोबर आहे.

मा टिननं पुन्हा दुकान मांडलंय, चादर पसरून, फुटपाथवर. एप्रिलपर्यंत बोटीच्या भाड्याचं जमेल असं म्हणते. आम्ही दोघंही येतो आहोत. तिनं सिसिलसाठी लुंगी घेऊन ठेवली. किती उंच झाली असेल म्हणून आळीतल्या दहा वर्षांच्या पोरींना दारात उभं करून माप घेत होती.

सिसिलचा फोटो ताबडतोब धाड.

निकू


उत्तन,
६ जानेवारी १९४६

निकू,

भाडं भरू नका.

सिसिल गेली. बेचाळीस सालात, मे महिन्याच्या सतरा तारखेला. विषमज्वर झाला व्हता. देवळाजवळ हाय हे मी लिहिलं ते खोटं न्हाय, तिथंच तिला पुरली, पण तू चुकीचं समजावंस म्हणूनच तसं लिहिलं. तुम्ही आत्ताच मरणातून उठला व्हता. मला वाटलं, दोन महिने तरी सुखाचे जाऊ देत. ते माझं पाप.

डॉक्टर आणला, औषध केलं. जे करता येण्यासारखं व्हतं ते केलं.

मला शिव्या घालायच्या तर घाल, पण पत्र लिही.

ॲलिस


रंगून,
३ मार्च १९४६

बाय,

शिव्या घालण्याइतका दम माझ्यात नाही.

पत्र आलं तेव्हा मा टिन समोर बसली होती. ‘काय लिहिलंय?’ म्हणाली. मी कागदाकडे बघत सांगितलं, ‘सिसिल चौथीत गेली. मराठी फडाफडा वाचते.’ तोंडातून बाहेर पडून गेलं. ती उठली, गाठीला बांधलेले भाड्याचे पैसे सोडले, त्यातून भात शिजवला आणि पोरगी शहाणी झाली म्हणून पाच भिक्षूंना जेवू घातलं. मी ताटं वाढली.

तिला हे कळलं तर ती जगणार नाही. आता एप्रिलला बोटी नाहीत, गोदी मोडली आहे, असं मी सांगतो आहे. बाय, तू महिन्याला एक पत्र लिही. सिसिल काय शिकली, काय खाल्लं, कुणाशी भांडली. मी तिला वाचून दाखवीन. दोन वर्षं, तीन वर्षं, जोवर चालेल तोवर.

आणि एक विचारतो, नाही विचारलं तर वेड लागेल. घरात तीन हजार असताना पैशाची अडचण तर पडली नव्हती ना?

निकू


उत्तन,
७ एप्रिल १९४६

निकू,

मी तसं पत्र लिहायला बसले व्हते. सिसिल चौथीत पास झाली, असं लिहिलं. मग तिच्या बाईंचं नाव लिहिताना हात थांबला. ज्या पोरीला मी मातीत ठेवली तिला मी दर महिन्याला मोठी करू शकत न्हाय. तू जे विचारलंस त्याचं उत्तरबी खाली हाय. हे पत्र मा टिनचं हाय. तिला बसव नि जसं लिहिलंय तसं वाच. एक शब्द बदलू नको.

मा टिन,

तुझी सिसिल या जगात न्हाय. चार वर्षं झाली. निकूला तीन महिन्यांमागं मी कळवलं, त्यानं तुला सांगायची हिंमत केली न्हाय. त्याच्यावर रागावू नको, आधी मीच लपवलं.

ती माझ्याकडं तीन महिने व्हती. नाचली, भांडली, खाल्लं. मग ताप भरला. उतरेना. भाईंदरचा डॉक्टर म्हणाला, मुंबईला न्या, महिनाभर ठेवावं लागेल, नर्स लागेल, बर्फ लागेल, पैसा लागेल. पैसा माझ्या पेटीत व्हता. तू शिवलेला. भाईंदरात तो कोणी घेईना. मुंबईच्या कचेरीत म्हणाले, पोर ब्रह्मदेशातून आली ह्याचा दाखला आणा, बापाची सही आणा. बाप कुठून आणू? बाहेर एक सराफ बसला व्हता. तो निम्म्या भावानं तिथल्या तिथं द्यायला तयार व्हता. मी दिल्या न्हाईत. म्हटलं, ही लूट हाय, माझ्या भावाचा घाम हाय.

मायकेल, माझा नवरा, म्हणाला, होडी गहाण टाकू. मी म्हटलं, घरात तीन हजार असताना होडी कशाला? फादरच्या चिठ्ठीवर सोमवारी नोटा बदलून मिळतील. सोमवारी म्हणाले गुरुवारी या. गुरुवारी म्हणाले साहेब न्हाईत. रविवारी ती गेली. जूनमध्ये सगळे पैसे मिळाले, पुरेपूर, एक पै कमी न्हाय.

डॉक्टर मागनं म्हणाला, मुंबईला नेली असती तरी वाचली असती असं न्हाय. मला बरं वाटावं म्हणून म्हणाला का खरं ते, मला कळत न्हाय. निकूला मी लिहिलं, जे करता येण्यासारखं व्हतं ते केलं. तसं न्हाय. दोन गोष्टी करता येण्यासारख्या व्हत्या, त्या मी केल्या न्हाईत. तू तिची आई, तुला हे ठाऊक असलं पाहिजे. क्षमा मागत न्हाय.

शेवटच्या दोन दिवसांत ती आमची बोली विसरली. तुमच्या बोलीत बोलायची. ‘अमे’ म्हणजे आई, एवढं मला कळत व्हतं. पण एक बोल ती पुन्हापुन्हा बोलली. मी पाणी दिलं, तिनं तोंड फिरवलं. पांघरूण घातलं, काढून टाकलं. खिडकी उघडली, तरी तेच. उत्तनात तुमची बोली जाणणारं कोण न्हाय. विसरू नये म्हणून मी तो बोल कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवला. कानाला जसा आला तसा इथं उतरते :

अमे, एइन प्यान मे.

ती काय मागत व्हती, ते मला कळव.

ॲलिस